उंबऱ्यावरची तीन वाक्यं

माझ्या आयुष्यात जे काही बरं घडलं त्याचं मूळ शोधत गेलो की मी मुरुमच्या शाळेतल्या मौलवीसाहेबांपाशी येऊन थांबतो. निजामाच्या राज्यात आमची शाळा उर्दूतून चालायची आणि उर्दू ते शिकवायचे. आमच्या घराण्यात शाळेची पायरी चढलेला मी पहिला. चौथीनंतर वडिलांनी मला औतामागं धाडायचं ठरवलं, तेव्हा हे गृहस्थ भर उन्हात आमच्या रानापर्यंत चालत आले आणि बांधावर बसून राहिले. वडिलांनी पाणी दिलं, गूळ दिला, तरी उठेनात. शेवटी वडीलच म्हणाले, "न्या बाबा पोराला, पर तुमी आता सावलीत तरी चला." त्या एका दुपारमुळं मी पुढं पदवीधर झालो आणि सरकारी नोकरीला लागलो.

विलीनीकरणानंतर शाळा मराठी झाली. तेव्हा मौलवीसाहेब आमच्याच वर्गात मागच्या बाकावर बसून बाराखडी शिकले. आमच्यातला कुणी हसला की म्हणायचे, "हंसो, मगर पहले मेरा 'ळ' देख लो."

त्यांची एक पद्धत होती. शाळा सुटायच्या आधी प्रत्येकानं उभं राहून त्या दिवशी पाहिलेल्या तीन गोष्टी तीन पुऱ्या वाक्यांत सांगायच्या. नियम एकच. "देखा सो बोलो, सुना सो नक्को." एकदा एका पोरानं सांगितलं की काल ओढ्याला वाघ आला होता. "तूने देखा?" "न्हाय जी, बाप सांगत होता." "तो फिर तेरा बाप आके बोलेगा. तू बैठ." मला लिहिता-बोलता येतं ते या तीन वाक्यांमुळं, अशी माझी खात्री होती. म्हणून स्वतःची मुलं झाल्यावर मी तीच पद्धत घरात सुरू केली.

तेव्हा आम्ही उस्मानाबादला एका जुन्या गल्लीत दोन खोल्यांत राहत होतो. मुलगी पाच वर्षांची, मुलगा दोन वर्षांचा. भिंतीला भिंत लागून एका म्हाताऱ्या विधवा बाईंचं घर होतं. त्यांना आख्खी गल्ली खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. त्यांचा मुलगा शिंपीकाम करायचा आणि सून दिवसभर काजं-बटणं करायची. समोर एक काका-काकू राहायचे. काकांची थोडी शेती खेड्यावर होती आणि ते स्वतः कोर्टाबाहेर अर्ज लिहून द्यायचे. गल्लीतल्या पोरांना कुठलंही घर परकं नव्हतं. सकाळी दूध पिऊन माझी मुलगी बाहेर पडली की जेवायला घरी येईलच असं नसे. खालांच्या घरात जेवली तर सून भिंतीवर दोनदा थाप मारायची. तो निरोप असे.

संध्याकाळी मी कचेरीतून आलो की मुलगी उंबऱ्यावर उभी राहायची, हात मागं बांधून, आणि मोठ्यानं तीन वाक्यं म्हणायची. मौलवीसाहेबांच्या वर्गात हळू बोललेलं चालत नसे, म्हणून माझ्याही घरात चालत नसे. "आज मी खालांची कोंबडी झोपताना पाहिली. ती एकाच पायावर झोपते. दुसरा पाय तिनं पोटात ठेवलाय." धाकटा तिच्या प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द ओरडून म्हणायचा. समोरचे काका ओट्यावरून दाद द्यायचे, "वा! आमच्या कोर्टात इतका चांगला साक्षीदार न्हाय बगा!"

त्या वर्षी पावसानं दगा दिला होता. दिवाळीनंतर माझी बदली कचेरीतल्या पुरवठा शाखेत झाली. काम साधंच होतं, शिधापत्रिका तपासायच्या आणि आलेले अर्ज लावून ठेवायचे. पण टंचाईचं साल, ज्वारीवर सरकारचं नियंत्रण, कुणाकडं किती साठा आहे याच्या चौकश्या चालू. मी घरी पेढे आणले. खालांच्या घरी दिले, काकांना दिले. काकांनी पेढा हातात धरून विचारलं, "म्हंजे आता धाडी घालायला तुम्हीबी जाणार?"

"छे हो काका, मी कागदावरचा माणूस."

"व्हय व्हय," ते म्हणाले, आणि पेढा न खाता खिशात ठेवला.

बायकोला तेव्हा चौथा महिना होता. पहिली दोन्ही बाळंतपणं तिच्या माहेरी, येडशीला झाली होती. पण सासूबाई आता राहिल्या नव्हत्या आणि माझी आई गावाकडं, अंथरुणाला खिळलेल्या वडिलांपाशी. दवाखान्याचं नाव काढलं की बायको नको म्हणायची. तिच्या बहिणीचं बाळंतपण तिथं बिघडलं होतं. खालांनी गल्लीतली निम्मी पोरं हातावर झेलली होती, आणि त्यांनी स्वतःहून सांगितलं होतं, "फिकर नक्को कर बेटी, मैं हूं ना." आमची सगळी भिस्त त्या एका वाक्यावर होती.

बदलीनंतर गल्ली हळूहळू मिटत गेली. मला ते लगेच कळलं नाही, बायकोला कळलं. "मी नळावर गेले की बोलणं थांबतंय," ती म्हणाली. खालांची सून दुपारी येऊन तिचे सुजलेले पाय चोळून द्यायची, ती यायची थांबली. तिला काजांचं काम फार पडलंय, असं सांगितलं गेलं. मुलगी सकाळी बाहेर पडून थोड्याच वेळात परत यायला लागली. "दार लावलंय," असं म्हणायची. ज्या दारांना दिवसा कडी माहीत नव्हती त्यांच्यावर आता पोत्याचे पडदे आले.

ईदला खालांकडून शीरखुर्मा आला. दरवर्षी कल्हईचं वाडगं यायचं, वर विणलेला रुमाल. वाडगं आमच्याकडं राहायचं आणि सवडीनं काहीतरी घालून परत जायचं. रिकामं वाडगं परत करायचं नाही, ही गल्लीची रीत होती. आदल्या वर्षी ते दिवाळीपर्यंत आमच्याकडं होतं आणि करंज्या घेऊन गेलं. या ईदला सून वाडगं घेऊन उंबऱ्यातच थांबली.

"ओतून घ्या ना भाबी. वाडगं लागतंय घरी."

बायकोनं पातेल्यात ओतून घेतलं आणि वाडगं धुवायला वळली, तर ती म्हणाली, "राहू द्या, तसंच द्या." रिकामं वाडगं घेऊन ती गेली. शीरखुर्मा मुलांनी खाल्ला. बायको चुलीपुढं बसून राहिली.

"त्यांना आता आपल्या घरातलं काही नकोय," ती म्हणाली. "आणि मी त्यांच्या घरी जावं असंही नकोय. माझ्या वेळेला येतील का हो त्या?"

मी तिला येतील म्हणालो, पण माझंही मन साशंक झालं होतं. मला वाटलं, घरमालकाला खोल्या दुसऱ्या कुणाला द्यायच्या असतील आणि त्यानं गल्लीत काहीबाही पसरवलं असेल. मग वाटलं, काकाच असतील. रोज सकाळी ओट्यावरून विचारतात, "आज दौरा कुठं?" माझा कसला दौरा? मी निघालो की ते खालांच्या पडद्याकडं बघून खाकरतात, हेही माझ्या ध्यानात आलं. एकदा शंका धरली की पुरावे पायाशी येऊन पडतात. शिंपीकामाचं यंत्र मी घरात पाऊल टाकताच बंद पडतं. शेतावरून आलेल्या काकांच्या बैलबंडीत गवताखाली काहीतरी होतं. ही माणसं काहीतरी लपवत होती.

शिमग्याच्या सुमारास एका रविवारी दुपारी मी पडलो होतो. भिंतीपलीकडून दगड सरकल्याचा आवाज आला. जड आवाज, पहारीनं फरशी उचलल्यासारखा. थोड्या वेळानं एक वास आला. उबट, आंबूस, ओलसर मातीचा. शेतकऱ्याच्या पोराला तो वास सांगावा लागत नाही. जमिनीत खोल खड्डा घ्यायचा, त्याला आतून कडबा लावायचा, ज्वारी भरायची, तोंड दगडानं आणि चिखलानं लिंपून टाकायचं. त्याला पेव म्हणतात. पुष्कळ दिवसांनी उघडलं की असाच वास सुटतो. मी डोळे मिटून पडून राहिलो आणि मनाशी म्हणालो, बुरशीचा असेल.

त्या संध्याकाळी मुलगी उंबऱ्यावर उभी राहिली, पण बोलेना.

"काय पाहिलंस आज?"

"काही न्हाय."

"असं होईल का? डोळे होते ना?"

"मी पडद्याखालून आत गेले. खाला म्हणाल्या, बाबाला सांगायचं न्हाय."

बायकोनं आतून हाक मारली, "राहू द्या. तिला विचारू नका." पण इतक्या दिवसांचा संशय माझ्या डोक्यात चढला होता. माझ्या पोरीला माझ्यापासून काहीतरी चोरून ठेवायला शिकवतात! मी म्हणालो, "पाहिलं असेल तर सांगायचं. आपला नियम काय?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खालांचं ऐकावं की बाबांचं, हे पाच वर्षांच्या पोरीवर मी टाकलं होतं. मग तिनं हात मागं बांधले आणि नेहमीसारखं मोठ्यानं म्हटलं,

"आज मी खालांच्या घरात विहीर पाहिली. विहिरीत आधी कंदील सोडला आणि मग समोरचे काका उतरले. विहिरीत पाणी न्हाय, ज्वारी."

"ज्वाली!" धाकटा ओरडला. "ज्वाली! ज्वाली!"

समोरच्या घरात काकू मिरच्या कांडत होत्या. मुसळ थांबलं. यंत्र थांबलं. काका ओट्यावरून उठून आत गेले आणि त्यांचं दार लागल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेर पडलो तर काका रस्त्यात उभे. एरवी मला "बापू" म्हणणारे.

"साहेब, कधी येणार?"

"कोण?"

"तुमची माणसं. न्हाय, म्हंजे बायाबापड्यांना आधी बाजूला करता येतं."

"काका, काय बोलताय तुम्ही?"

"म्या काय बोलतो? तुमची लेक बोलली. घराघरात फिरते, संध्याकाळी हजेरी देते. लई हुशार काम आहे. सरकारनं शिकवलं का तुमचं तुम्हीच काढलं?"

तेव्हा मला सगळं उमगलं. जे उंबऱ्यावर तीन वाक्यं म्हणणं होतं, ते बदलीनंतरच्या गल्लीला काय दिसत होतं ते उमगलं. माझी पोर कोंबडीचा पाय सांगत होती आणि गल्ली मात्र वाट पाहत होती की ही उद्या आपल्या घरातलं काय सांगेल.

खाला पडद्याआड उभ्या होत्या. पडदा बाजूला न करताच म्हणाल्या, "घर की बातां बच्ची से कायकू पूछते बाबू? हमसे पूछते तो हमीच बोलते. सब के घर का दाना है उसमें, हमारा भी, इन काकां का भी. गल्ली का साल निकलना है." मग त्यांनी पडदा सर्रकन बाजूला केला. "आओ. अपनी आंखां से देख लो. फिर जाके लिखो."

आत जमीन दिसत होती. कोपऱ्यात चटई टाकलेली होती. मी मान फिरवली.

"नको खाला. दाखवू नका."

"कायकू?"

"पाहिलं तर मला सांगावं लागेल. आत्तापर्यंत मी फक्त ऐकलंय. आणि ऐकलेलं मी कुठं बोलत नाही, तशी मला शिकवण आहे."

काका हसले, पण ते हसू चांगलं नव्हतं. "कारकून हाय का वकील? सरळ बोला की साहेब. वाटा किती पाहिजे?"

मला फार राग आला. तसाच कचेरीत गेलो. टेबलावर साठ्याच्या चौकशीचे कागद होते. माझा वरिष्ठ सहज म्हणाला, "तुम्ही त्या जुन्या गल्लीत राहता ना? काही दिसतंय का तिकडं?" मी म्हणालो, "मी काही पाहिलं नाही." आवाज माझा मलाच कोरडा वाटला. पण ते खरं होतं.

त्या संध्याकाळपासून उंबऱ्यावरची वाक्यं बंद झाली. मुलीनं दोन-तीनदा येऊन हात मागं बांधले, मी तिला आत घेतलं. धाड काही आली नाही. पण न आलेल्या धाडीनं कुणाचा विश्वास बसत नाही. उलट आज आली नाही म्हणजे उद्या येणार, असं गल्ली धरून चालली असावी. पडदे तसेच राहिले. बायकोचे दिवस भरत आले. तिनं जुनी लुगडी फाडून धुऊन ठेवली, सुईण म्हणून दूरच्या एका बाईचा पत्ता मिळवला, आणि एकदा मला विचारलं, "तुमच्या कचेरीत रजा मिळंल का? निदान पोरांना धरायला." मी रजेचा अर्ज दिला. साहेबांनी पाडव्यानंतर बघू म्हटलं.

पाडव्याच्या आधीच एका दुपारी शिपायानं येऊन सांगितलं, "तुमच्या गल्लीतला शिंपी आलाय, सायकल घेऊन. घरी बोलावलंय." खालांचा मुलगा फाटकात उभा होता. मला पाहून नुसतं "बैठो" म्हणाला. वाटेत मी दोनदा विचारलं, काय झालं. दोन्ही वेळा म्हणाला, "अम्मां बोली, लेके आओ." त्या वेळीही माझं मन वेडंवाकडं धावत होतं. पेव पकडलं गेलं असेल. यांनी माझं नाव सांगितलं असेल.

गल्लीत शिरलो तर माझंच दार लावलेलं, आणि त्यावर खालांच्या घरचा पोत्याचा पडदा. सून दारात बसली होती.

"अंदर नक्को भाईसाब."

"माझं घर आहे!"

"होगा. अब्बी नक्को."

समोर काका धाकट्याला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होते. मला बघून थांबले, पुन्हा फिरायला लागले. मुलगी पायरीवर बसली होती. मी तिच्याशेजारी बसलो. आतून खालांचा आवाज येत होता, रागावल्यासारखा, आणि त्यात काकूंचा. मग बराच वेळ काहीच नाही. मुलगी माझ्याकडं बघत होती. इतक्या दिवसांत मी तिला काही विचारलं नव्हतं.

"बाबा, मी काही पाहिलं न्हाय. दार लावलंय."

"बरं."

"ऐकलेलं सांगू का? एवढ्या बारीला?"

"सांग."

"बाळ रडतंय."

खरंच रडत होतं. मला तिच्याआधी ऐकू कसं आलं नाही, कुणास ठाऊक.

खाला बाहेर आल्या, हात पुसत. मी काही बोलायच्या आधीच म्हणाल्या, "बेटी है. दोनो अच्छे हैं." मी आभाराचं काहीतरी पुटपुटलो आणि मध्येच कसा कोण जाणे पेवाचा विषय काढायला लागलो. त्यांनी हात उडवला. "बच्चा आने से पहले बाप की कचेरी पूछता क्या? चलो, हटो दरवाजे से."

काका धाकट्याला माझ्या हातात देताना म्हणाले, "आज दौरा घरीच का?" त्यात पूर्वीचा कडूपणा अगदीच नव्हता असं म्हणता येत नाही. पुढंही पुष्कळ दिवस ते मला तसं विचारत राहिले. पण "साहेब" मात्र म्हणाले नाहीत.

बाळंतिणीसाठी खालांकडून खिचडी आली. सुनेनं वाडगं ठेवलं आणि ती गेली. बायको पडल्या पडल्या त्या वाडग्याकडं किती तरी वेळ बघत होती. "वाडगं ठेवून गेली," ती म्हणाली. "आता यात काय घालायचं हो?"

बारशानंतरच्या आठवड्यात मौलवीसाहेबांना मी पत्र लिहिलं. त्यांचा हुकूम होता की मला मराठीत लिहीत जा, माझा सराव होतो. त्याची नक्कल माझ्यापाशी आहे, ती इथं देतो.

*आदरणीय मौलवीसाहेबांच्या सेवेशी,*

*सलाम आणि साष्टांग नमस्कार. आपल्या आशीर्वादानं घरात मुलगी आली. दोघी सुखरूप आहेत. शेजारच्या खालांनी सगळं निभावलं.*

*आपण शिकवलेली तीन वाक्यं मी माझ्या मोठ्या मुलीला शिकवली होती. आपण आम्हाला वर्गात म्हणायला लावत होता, मी तिला उंबऱ्यावर उभं करून म्हणायला लावली. ती भर गल्लीत ऐकू जात होती, हे माझ्या ध्यानात आलं नाही. त्यामुळं शेजाऱ्यांना फार त्रास झाला, आणि आम्हालाही. दोष पद्धतीचा नाही. आता ती वाक्यं आम्ही आत चुलीपाशी म्हणतो, आणि तिला सांगितलं आहे की दुसऱ्याच्या घरातलं सोडून काहीही चालेल. काल तिनं मुंगीवर तीन वाक्यं सांगितली.*

*आपल्या नियमानं मला एका अवघड प्रसंगी वाचवलं. मी न पाहिलेली गोष्ट होती, म्हणून मी बोललो नाही. कचेरीत विचारलं तेव्हाही पाहिलं नाही असंच सांगितलं, आणि ते खरं होतं.*

*पण एक शंका राहिली आहे. बारशाला समोरच्या काकूंनी आमच्या घरी भाकरी करून धाडल्या. मी आपल्याच भागातला शेतकऱ्याचा मुलगा आहे. त्या भाकरीला कसला वास होता ते मला पहिल्या घासाला कळलं. सगळे माझ्याकडं बघत होते. मी जेवलो, आणि आणखी एक मागून घेतली. साहेब, पाहिलेलं बोलावं आणि ऐकलेलं बोलू नये, एवढं आपण शिकवलंत. वास आलेलं कशात धरायचं, हे आमच्या वर्गात झालं नव्हतं. सवडीनं कळवावं.*

*खालांचं वाडगं अजून आमच्याकडं आहे. शेवया वाळत घातल्या आहेत. त्या झाल्या की परत करू.*

*आपला विद्यार्थी*